पंचवीस डिसेंबर, सहा वेळा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे, आणि खरं सांगायचं तर टिंगल करण्यासाठीच वाचत आलो. पिंपळाखालून हाक आली, रिकाम्या खोलीत पैंजण वाजले... स्टाफरूममध्ये मी हे आवाज काढून वाचून दाखवायचो आणि सगळे हसायचे. मी हिंगोलीत एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. अमावस्येला मुद्दाम नवीन चपला घेणारा माणूस आहे मी. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा आणि मग हसा.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या नाताळाची आहे. माझी मुलगी गौरी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिच्या इंग्लिश मीडियम शाळेत नाताळचा कार्यक्रम जोरात असतो. त्या वर्षी ती चांदणी झाली होती आणि स्टेजवर बर्फ म्हणून आमच्याच गावाकडचा कापूस पसरला होता. शाळेला सुट्ट्या लागल्या आणि गौरीबाईंना एक नवं वेड लागलं. टीव्हीवर हिंदीत डब केलेले ख्रिसमसचे सिनेमे बघायचे, आणि त्यातही एका खास जातीचे. म्हणजे कुणीतरी माणूस नाताळच्या सकाळी उठतो, दिवसभर सगळ्यांशी वाकडं वागतो, रात्री झोपतो, आणि सकाळी उठून बघतो तर पुन्हा नाताळच! तोच दिवस, तीच माणसं, तीच वाक्यं. दिवस काही केल्या पुढे सरकत नाही. असे किती सिनेमे काढले असतील हो या लोकांनी? तिने चार दिवसांत तीन बघितले. शिवी नाही, मारामारी नाही, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावेत असे. त्यामुळे सुरेखाही, म्हणजे माझी बायको, मेथी निवडत बघत बसायची.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी तिसरा सिनेमा चालू होता. त्यातल्या माणसाचं त्याच्या बहिणीशी वर्षानुवर्षं भांडण असतं. शेवटी तो तिच्या दारात जातो, माफी मागतो, दोघं मिठी मारतात, बर्फ पडायला लागतो आणि तारीख बदलते. सुरेखाने मेथीच्या जुडीवरून माझ्याकडे एक नजर टाकली. मी ती न बघितल्यासारखं केलं.

"एवढा दिवस परत फिरवायला ऊर्जा कुठून येते म्हणे?" मी गौरीला विचारलं.

"बाबा, ते महत्त्वाचं नसतं. नियम असतो. त्या माणसाची एक चूक असते. ती सुधारली की दिवस पुढे जातो. सगळ्या सिनेमांत सेम असतं."

मी हसलो. सुरेखा मात्र हसली नाही, आणि ती का हसली नाही ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

सेनगावच्या पुढे साखरा हे आमचं गाव. माझा थोरला भाऊ, दादा, तिथेच शेती करायचा. वडील गेले तेव्हा मी सहावीत होतो. दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. त्याने स्वतः सातवीनंतर शाळा सोडली, पण मला सेनगावच्या हायस्कूलला सायकलवर डबलसीट नेऊन सोडायचा. पावसात रस्ता खराब झाला की मला खांद्यावर घ्यायचा आणि सायकल हातात धरायचा. मी आज जो काही आहे तो त्याच्यामुळे, हे मी भाषणात सांगत नाही, खरंच तसं आहे.

त्या नाताळच्या दोन वर्षं आधी आम्ही हिंगोलीत घर बांधलं. वास्तुशांतीची पत्रिका मी लिहिली. आमच्याकडे पत्रिका म्हणजे अर्धी मतदारयादी असते. वर देव, मग स्वर्गवासी, मग आजोबांपासून चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंत सगळे 'आपले नम्र'. मला ते गावंढळ वाटायचं. मी क्रीम रंगाच्या जाड कागदावर चार ओळींची सुटसुटीत पत्रिका छापली आणि खाली फक्त आम्हा नवरा-बायकोची नावं टाकली. दादाचं नाव नव्हतं. मी ते मुद्दाम गाळलं नव्हतं... मला ते सुचलंच नाही.

वहिनी गुरांसाठी गावीच थांबल्या होत्या, दादा एकटाच आला होता. मांडवात कुणा सोयऱ्याने त्याला चारचौघांत विचारलं, "काहो, धाकट्याच्या पत्रिकेत तुमचं नाव काहून न्हाई?" दादा पूजा होईपर्यंत थांबला आणि गाय व्यायला झालीय म्हणून न जेवता निघून गेला. ती गाय पुढे दोन महिन्यांनी व्यायली.

मला राग आला. एवढ्याशा कागदावरून? लोकांच्या बोलण्यावर जाऊन? आणि खरी गोष्ट सांगायची लाज वाटत होती ती वेगळीच. मुद्दाम गाळलं म्हटलं तर निदान काही कारण तरी असतं. ज्या भावाने खांद्यावर वाहिलं त्याचं नाव सुचलं नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मग तो फोन करेल म्हणून मी थांबलो, आणि मी करीन म्हणून तो. आमची बोलचाल बंद झाली. बायकांचं येणंजाणं, फोन, लोणची, सगळं चालू होतं. दादा आणि मी समोरासमोर आलो तर गौरीमार्फत बोलायचो. "गौरे, बापाला म्हण पाणी तरी पी." "गौरी, म्हण की आत्ताच पिऊन आलो." दोन हातांच्या अंतरावर उभे राहून आम्ही हे बोलायचो. आता लिहितानाही माझे कान गरम होतात.

त्या नाताळच्या सुट्टीत वहिनींनी सुरेखाला फोन करून हुरड्याला बोलावलं होतं. "पोरीला सुट्ट्या हाईत, घेऊन या. भाऊजींनाबी म्हणा या." पंचवीसला सकाळी अंगणातल्या नळाखाली भरलेल्या बादलीत पेपरवाल्याने नेमका पेपर फेकला. सुरेखा त्यावर बोलत असताना दूध उतू गेलं. गौरीने लाल स्वेटर घातला. साडेदहाला आम्ही गाडी काढली, सेनगाव ओलांडून साखऱ्याच्या शेतात पोहोचलो. बांधावरच्या बोरीखाली दादाने आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची हिरवी कणसं खोचून तो बसला होता आणि मधूनमधून डावा खांदा दाबत होता.

"गौरे, बापाला म्हण, दोन कणसं खाऊन जाय म्हणावं."

"गौरी, म्हण की पेपर तपासायचे आहेत."

मी परत हिंगोलीला आलो. संध्याकाळी सुरेखा-गौरीला आणायला गेलो, तेव्हा दादा गोठ्यात होता. घरी आलो, जेवलो, झोपलो. इथपर्यंत काहीच विशेष नाही.

सकाळी पेपर बादलीत पडला.

मला वाटलं, हा पेपरवाला आता मुद्दाम करतोय. बाहेर जाऊन ओला पेपर उचलला तर त्यावर पंचवीसच तारीख आणि कालच्याच बातम्या. आत सुरेखा बोलत होती, आणि मी वळून बघेपर्यंत दूध उतू गेलं. गौरी लाल स्वेटर घालून आली आणि म्हणाली, "बाबा, चला ना, मोठे बाबा वाट बघत असतील."

"काल तर जाऊन आलो," मी म्हणालो. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. सुरेखाने कपाळाला हात लावून ताप बघितला. मोबाइलवर तारीख पंचवीस. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "सर, आज पंचवीस. काहून, सुट्टी मोजून राहिले का?" मी घरी परतलो. त्या दिवशी मी सगळं जसंच्या तसं केलं, कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. दादाने तेच वाक्य उच्चारलं आणि तसाच खांदा दाबला. रात्री झोपायच्या आधी मी मनगटावर बॉलपेनने एक खूण केली. प्रयोगच म्हणा. सकाळी मनगट कोरं होतं, आणि पेपर बादलीत.

तिसऱ्या दिवशी मी गौरीला खरं सांगितलं. सुरेखाला सांगितलं असतं तर तिने मला सरळ डॉक्टरकडे नेलं असतं. गौरीला क्षणभरही शंका आली नाही. तिचे डोळे मोठे झाले आणि तिने एकच विचारलं, "मग तुमची चूक काय आहे?"

मी तिला पत्रिकेचं सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच? मग सॉरी म्हणा ना."

म्हणून मी त्या दिवशी शेतात थांबलो. पण माफी मागायला बसलो आणि भांडण करून उठलो. मी म्हणालो, चूक झाली असेल, पण तूही लोकांचं ऐकलंस. दादा म्हणाला, "लोक काय म्हनतील ते लोक. तू काय म्हनतो?" मी त्याचं न जेवता जाणं काढलं. वहिनी मधे पडल्या, गौरी रडायला लागली. आम्ही तसेच घरी परतलो. एक कबूल करतो, झोपताना मला बरं वाटत होतं. हा दिवस पुसला जाणार, हे मला ठाऊक होतं.

चौथा दिवस मी तुम्हाला नीट सांगतो.

त्या दिवशी मी काहीच ठरवून गेलो नव्हतो. आगटीपाशी दादाच्या शेजारी बसलो. आमच्यात हुरड्याला ज्याचा मान मोठा तो कणसं भाजतो आणि चोळतो, बाकीचे खातात, आणि तो सगळ्यांच्या शेवटी खातो. दादाने कायम तेच केलेलं. त्याचे तळहात इतके राठ झाले होते की निखाऱ्यातलं कणीस तो सरळ हातावर चोळायचा. मी उगाच शहाणपणा करून एक कणीस ओढलं आणि माझा हात पोळला. दादाने माझा हात ओढून घेतला, फुंकर घातली, तांब्यातलं पाणी ओतलं. तो हात सोडायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं.

"दादा, मी तुझं नाव गाळलं नव्हतं रे. मला सुचलंच नाही. इतकं वाईट आहे ते, म्हणून बोललो नाही."

त्याने काडीने निखारे सारखे केले. मग म्हणाला, "सुचलं न्हाई व्हय... मध्या, मला वाटलं तू इचार करून गाळलं. मास्तर झाला, मोठ्या लोकायत बसतो, तुला माझी लाज वाटत असंल. दोन वर्षं मी हेच धरून बसलो." आणि तो हसला. खरंच हसला, आणि हसता हसता रडायला लागला. मीही रडलो. चाळिशी उलटलेले दोन बाप्ये बोरीखाली रडतायत आणि वहिनी पदराने डोळे पुसत जवसाची चटणी वाढतायत, असा तो देखावा होता.

मग दादाने आवाज खाली आणून मला एक सांगितलं. वास्तुशांतीला तो आमच्यासाठी पूर्ण पोशाखाचा आहेर घेऊन आला होता, सुरेखाला हिरवी साडी, मला शर्टपँटचं कापड. तो न देताच परत नेला. घरी वहिनींना मात्र दिला म्हणून सांगितलं. "हिला म्हाईत न्हाई. लोखंडी पेटीत गोधड्याच्या खाली हाय. जाताना घेऊन जाय." निघताना वहिनी सुरेखाला शेतातला वानवळा बांधून देत होत्या, तेवढ्यात त्याने ती पिशवी गुपचूप माझ्या गाडीत टाकली. घरी येऊन मी ती कपाटात ठेवली. सुरेखाला म्हटलं, उद्या दाखवतो. त्या रात्री मला फार गाढ झोप लागली. गौरीचा नियम पाळून झाला होता.

सकाळी उठल्यावर मी मोबाइल बघितला नाही, आधी कपाट उघडलं. पिशवी नव्हती. बाहेर पेपर पाण्यात पडल्याचा आवाज आला.

पाचव्या दिवशी मी सगळं परत करायला गेलो. काल काय कमी पडलं असेल? मी त्याच जागी बसलो, तेच कणीस ओढलं, मुद्दाम हात पोळवून घेतला. तीच वाक्यं त्याच क्रमाने बोललो. दादाने फुंकर घातली, पण माझं बोलून झालं तेव्हा तो माझ्याकडे बारीक डोळे करून बघत होता.

"मध्या, हे तू कुठं बोलून आला का? वाचल्यावानी बोलून राहिला."

मी गडबडलो. पुन्हा बोलायला गेलो तर ते आणखीच खोटं वाटायला लागलं. शेवटी तोच म्हणाला, "जाऊ दे. खाय." आहेराचा विषय त्याने काढला नाही. घरी येताना मला दादाचा राग आला होता, हे ऐकून तुम्हाला मी कसा माणूस वाटेन ते मला माहीत आहे. पण मला वाटलं, काल तर तू मला माफ केलंस. आज काहून नाही?

आणि सहावा दिवस.

मी कंटाळलो होतो. दुसरा शब्द नाही त्याला. सकाळी पेपर बादलीत पडला, दूध उतू गेलं, गौरी स्वेटर घालून आली आणि मी पांघरूण डोक्यावर घेतलं. डोकं दुखतंय म्हणालो आणि दोघींना एसटीने पाठवून दिलं. नियम मला लागू नाही हे मी बघितलं होतं. काय केलं तरी सकाळी पंचवीसच उजाडणार होती. मी उशिरा अंघोळ केली, कालचा भात फोडणीला टाकून खाल्ला, टीव्ही लावून सोफ्यावर पडलो.

दुपारी चारला वहिनींच्या मोबाइलवरून फोन आला. मी उचलला तर पलीकडे दादा. गौरीमार्फत नाही, स्वतः. दोन वर्षांतला त्याचा पहिलाच फोन.

"मध्या, आला न्हाईस?"

"डोकं दुखतंय जरा."

"मी आगटी इझू दिली न्हाई अजून. गाडी काढली तर उजेडात येशील." मग आवाज उतरवून म्हणाला, "मला बोलायचं व्हतं थोडं."

पहिल्या पाच दिवसांत त्याने कधीच फोन केला नव्हता, कारण मी पोरीला सोडायला का होईना पण दिसत तरी होतो. सहाव्या दिवशी मी अजिबात आलो नाही, तेव्हा त्याने स्वतःचा मान बाजूला ठेवला. हे मला आज कळतं. तेव्हा टीव्हीचा आवाजसुद्धा मी कमी केला नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, की याच्याशी माझं सगळं बोलून झालंय. रडून झालंय, माफी मागून झालीय, एकदा नाही, दोनदा. त्याच्या बाजूने यातलं काहीच झालेलं नव्हतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

"उद्या येतो," मी म्हणालो.

"उद्या... बरं. ये मंग," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी दोघी परत आल्या. दादा दिवसभर रस्त्याकडे बघत होते असं सुरेखा म्हणाली. मी हं म्हणालो.

सकाळी पेपर बाहेरच्या ओट्यावर पडला. कोरडा. मी पडल्या पडल्या तो आवाज ऐकला आणि उठून बसलो. मोबाइलवर सव्वीस तारीख होती. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती सुटल्याची. मी स्वयंपाकघरात जाऊन सुरेखाला म्हणालो, "आज सव्वीस आहे!" ती म्हणाली, मग काय असणार? आणि त्यानंतर मला आठवलं, की मी दादाला आज येतो म्हणून सांगितलंय. म्हणजे आता खरंच जायचं, आणि या वेळी बोललेलं टिकणार. मी घाईने अंघोळ केली. गाडीची किल्ली हातात होती तेव्हा वहिनींच्या शेजाऱ्यांचा फोन आला.

दादा पहाटे गोठ्यात गेला होता. गाईला वैरण टाकताना पडला. शेजारी धावत आले तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक. एक-दोन दिवस खांदा, हात काही दुखत होता का, असं त्यांनी विचारलं.

पाच दिवस मी त्याला डावा खांदा दाबताना डोळ्यांनी बघितलं होतं. सहाव्या दिवशी तो माझी वाट बघत दाबत बसला असणार. कापूस वेचून दुखत असेल, असं मी धरून चाललो. हिंगोलीत दवाखान्यांची रांग आहे, गाडी दारात होती. पाच दिवस मी त्या आगटीपाशी गेलो आणि एकदाही मला त्याला गाडीत घालावं असं वाटलं नाही. माझी चूक कोणती, हे मी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

तेरावा झाला. वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. त्यांची लेक जवळा बाजारला दिलेली, ती आणि पाहुणे गेल्यावर चौदाव्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी ओसरीवर बसलो होतो. त्या आतून येऊन भिंतीला टेकून बसल्या.

"शेवटपर्यंत तुमच्याच वाटंकडं डोळे लावून व्हते," त्या म्हणाल्या. "मी म्हनायचे, आपलं नाव टाकलं न्हाई तर न्हाई टाकलं. पर आहेर देऊन आले ते, त्याची साडीबी तुमच्या बायकोनं कधी अंगाला लावली न्हाई. दोन वर्षं मी तिच्या अंगावर ती साडी शोधून राहिले, भाऊजी."

मी काहीच बोलायला नको होतं की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मी बोललो. "वहिनी, तो आहेर आमच्यापर्यंत आलाच नाही. दादाने परत आणला होता. लोखंडी पेटीत आहे, गोधड्यांच्या खाली."

त्या उठून आत गेल्या. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने पिशवी छातीशी धरून त्या बाहेर आल्या. हिरवी साडी, कापड, सगळं घडी न मोडलेलं होतं.

"तुमाला कोणी सांगितलं?"

"दादाने."

"कव्हा? दोन वर्षं तुमचं बोलणं न्हवतं."

"नाताळच्या दिवशी. आगटीजवळ."

"त्या दिवशी तर तुमी आलेच न्हाईत, भाऊजी."

आम्ही दोघंही खरं बोलत होतो. मग मी त्यांना सगळं सांगितलं, जसं आता तुम्हाला सांगितलं तसंच. त्यांनी मला मधे थांबवलं नाही, वेड्यात काढलं नाही, रडल्याही नाहीत. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "हसले म्हनता?"

"हसला."

"मी तिथं व्हते?"

"होतात ना. चटणी तुम्हीच वाढली. तुम्हीपण डोळे पुसले."

त्या पिशवीवरून हात फिरवत राहिल्या. "मंग मला काहून आठवत न्हाई?"

मी फिजिक्स शिकवतो. मित्र असलेल्या एका डॉक्टरला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, धक्क्याने माणसाचा मेंदू आठवणी रचतो. रचत असेल. मग पेटीतली पिशवी कुणी रचली, हे विचारल्यावर त्याने विषय बदलला. गौरीला मी फक्त एवढंच सांगितलं, की दिवस पुढे गेला. तिने 'मग सॉरी म्हणालात ना?' असं विचारलं आणि मी हो म्हणालो, जे खोटं नाही. तिने त्यानंतर तसले सिनेमे बघितलेले नाहीत. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता दर पंधरा दिवसांनी मी साखऱ्याला जातो. वहिनी चहा ठेवतात, समोर बसतात आणि म्हणतात, "सांगा." मग मी तो चौथा दिवस सांगतो. पहिल्यांदा मला वाटलं, यात माझी सुटका आहे. तसं काही नाही. माझ्यासाठी तो दिवस पुन्हा पुन्हा पुसला जातो, कारण सांगून झालं की मला चार वाजताचा फोन आठवतो. पण त्यांना तो हवा असतो, म्हणून मी सांगतो. काही गोष्टी मात्र मी गाळायचो. बाईमाणसाला आपला नवरा कासावीस झालेला ऐकवू नये, म्हणून एक गोष्ट मी त्यांना कधीच सांगितली नव्हती. वर तुम्हालाही सांगितलेली नाही.

गेल्या महिन्यात मी सांगत होतो. दादा हसला इथपर्यंत आलो आणि पुढे जाणार, तोच वहिनींनी हात वर केला. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या, अंगणाकडे बघत होत्या.

"हसता हसता त्यांना ठसका लागला व्हता ना, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "दम लागला व्हता. मी पाठीवरून हात फिरवला. पाठ लई गरम लागली हाताला, आगटीनं."

लागला होता. आणि त्यांनीच हात फिरवला होता, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं, अशा दिवशी जो त्यांच्या लेखी उगवलाच नव्हता. नवऱ्याला हजारदा ठसका लागला असेल, त्यातलाच एखादा त्यांना आठवला असेल, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांचा चेहरा असा मोकळा बघितला.

"हो," मी म्हणालो. "लागला होता." स्पष्टीकरण माझ्याकडे अजूनही नाही, आणि वहिनींनी ते माझ्याकडे कधी मागितलेलंही नाही.